पावसाळ्यात कॅल्सीन पेशीत का शिरत नाही? दर जुलैला येणारं एक दुखणं

जुलै उजाडला की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. काळ्या पाटीवर हिरवं धुकं, आणि त्या धुक्यात पेशींच्या जागी मळकट ठिपके. खाली एक ओळ: "ताई, पेशी मेल्या का?" पाठवणारं पोर कधी बेळगावातलंच असतं, कधी निपाणीहून रोज एसटीने येणारं, कधी हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचं. पेशी मेलेल्या नसतात. मेलेल्या पेशीच लाल रंगवणारं प्रॉपिडियम आयोडाइड टाकून बघायला सांगते, तर लाल ठिपका कुठंतरी एखादा दिसतो. म्हणजे पेशी खणखणीत आहेत, त्या जिवंत आहेत हे हिरवं चमकून दाखवणारा डाय, म्हणजे कॅल्सीन-एएम नावाचा रंग, मात्र आत पोचलेला नाही.

मला स्वतःला या दुखण्यानं तीन पावसाळे छळलं. पहिल्या वर्षी मी मायक्रोस्कोपला दोष दिला. आमच्याकडे तेव्हा १०० वॉटचा मर्क्युरी दिवा होता. असले दिवे साधारण २०० ते ३०० तास चालतात आणि आमच्या दिव्याचे तास भरत आले होते. नवा बसवला, तर धुकं आणखी उजळ दिसायला लागलं, तेवढाच फायदा. दुसऱ्या वर्षी खापर पेशींवर फोडलं. जुन्या फ्लास्क फेकल्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढून वाढवली, त्यात महिना गेला. तोवर गणपती येऊन गेले, पाऊस ओसरला आणि हिरव्या पेशी झकास दिसायला लागल्या. मी खूश, नव्या पेशींनी काम केलं म्हणून. या दुखण्याची खोडच ही आहे. तुम्ही सगळ्यात शेवटी जे बदलता त्यालाच श्रेय मिळतं, कारण तोपर्यंत हवा कोरडी झालेली असते.

तिसऱ्या वर्षी मी डाय पाठवणाऱ्याला खरमरीत मेल लिहिला. त्यांनी मुकाट्यानं नवी कुपी पाठवली. पहिल्या दिवशी उत्तम, आठवड्याने परत धुकं.

उत्तर मिळालं ते आमच्या लॅबच्या मामांकडून. मामा खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. त्या रानात आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मी डोकं धरून बसलेली बघून म्हणाले, "घरात मिठाला पाणी सुटलंय बघा. तुमच्या औषधालाबी सुटलं असंल की वो."

मी हसले. म्हटलं, "मामा, हे उणे वीसला ठेवलेलं असतंय."

"ठेवता हो. काढता किती वेळा?"

त्या दिवशी मी त्या ट्यूबवरच्या पेनच्या खुणा मोजल्या. प्रत्येक वापराला एक रेघ ओढायची माझी सवय. अठरा रेघा होत्या.

आता डाय करतो काय, ते नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. कॅल्सीन हा फ्लुओरेसिनच्या घराण्यातला रेणू. ४९४ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळतो आणि ५१७ च्या आसपास हिरवा बाहेर टाकतो. पण त्याच्या अंगावर इतके ऋण प्रभार असतात की पेशीच्या चरबीच्या पापुद्र्यातून तो आत जाऊच शकत नाही. पूर्वी असले डाय सुईने एकेका पेशीत टोचावे लागायचे. १९८१ मध्ये रॉजर त्सिएन यांनी युक्ती काढली: प्रभार असलेल्या गटांवर ॲसिटॉक्सिमिथाइल एस्टरची टोपडी चढवायची. आपण ज्याला नुसतं 'एएम' म्हणतो ते हेच. टोपडी घातलेला रेणू बिनप्रभारी होतो, पापुद्र्यातून सरकत आत जातो, आतली एस्टरेझ एन्झाइमं टोपडी कापून टाकतात, आणि प्रभार उघडे पडल्यामुळे रेणू आत अडकतो. हेच त्सिएन पुढे २००८ मध्ये जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरा आणि चाल्फी यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. पण आमच्यासारख्या लॅबचं रोजचं पोट भरतं ते या टोपड्यांच्या युक्तीवर.

पोरांना मी हे छत्रीवरून सांगते. मिटलेली छत्री अरुंद दारातून आत जाते. आत जाऊन उघडली की त्याच दारातून बाहेर येत नाही. पण बाहेर अंगणातच उघडली, तर ती आत कशी जाणार? अंगणात उघडी छत्री म्हणजे तुमचं हिरवं धुकं. डाय फुटलाय, चमकतोय, पण पेशीच्या बाहेर.

छत्री बाहेर उघडणारा चोर म्हणजे पाणी. एन्झाइम हे काम झटक्यात करतं, पाणी सावकाश करतं. पण आठवडे मिळाले तर पाणीही तेच करतं. म्हणूनच एएम डाय पाण्यात साठवत नाहीत, डीएमएसओ नावाच्या द्रावकात, तेही कोरड्या, साठवतात. आणि डीएमएसओची गंमत अशी की तो हवेतलं पाणी मिठापेक्षाही हावरटपणे ओढतो. बेळगाव तसं उंचावर, अडीच हजार फुटांवर, पण सह्याद्रीच्या कुशीला लागून. जूनअखेर ते सप्टेंबर इथं टॉवेल वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, सर्टिफिकिटांना बुरशी येते. अशा हवेत डीएमएसओची बाटली उघडी ठेवून फोनवर बोलत बसणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

थोडा हिशेब करून दाखवते, कारण "थोडंसं पाणी गेलं तर काय होतंय" हे मी फार ऐकलंय. कॅल्सीन-एएमची ५० मायक्रोग्रॅमची कुपी येते. रेणुभार ९९५ च्या आसपास. म्हणजे ५० मायक्रोलिटर डीएमएसओत विरघळवली की साधारण १ मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे साठवायचं घट्ट द्रावण, तयार. आता त्या डीएमएसओत वजनाने फक्त एक टक्का पाणी आहे असं धरा. लिटरला अकरा ग्रॅम पाणी, म्हणजे ०.६ मोलर. डायच्या एका रेणूभोवती पाण्याचे सहाशे रेणू. एक टक्का म्हणजे डोळ्याला दिसत नाही, वासाला कळत नाही, पण छत्री उघडायला सहाशे हात टपलेले.

धुकं नाही, तरी पेशी फिक्या

सगळ्यांना धुकंच दिसतं असं नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. कॅल्सीन-एएमच्या रेणूवर एकूण सहा टोपडी आहेत: चार एएमची आणि दोन साध्या ॲसिटेटची. चमक दाबून ठेवतात ती दोन ॲसिटेटची. प्रभार झाकतात ती चार एएमची. समजा ओलाव्याने एएमचं फक्त एकच टोपडं उडालं. रेणूवर एक प्रभार उघडा पडला, आता तो आत जायला कुरकुरणार. पण ॲसिटेट शाबूत असल्यामुळे बाहेर चमकणारही नाही. म्हणजे पार्श्वभूमी स्वच्छ काळी आणि पेशी मरगळलेल्या. हे चित्र बघून कुणाला डायचा संशय येत नाही. माणूस एक्स्पोजर वाढवतो, गेन वाढवतो, डाय दुप्पट टाकतो. दुप्पट डायबरोबर डीएमएसओही दुप्पट जातो, वर प्रकाशाचा मारा, आणि मग खरंच पेशींना फोड यायला लागतात. कारण नसताना केलेल्या उपचाराने रोगी दगावतो, त्यातला प्रकार.

म्हणून माझा पहिला प्रश्न "किती फिकं आहे" हा नसतो. "उजेड कुठं आहे" हा असतो. पेशीच्या बाहेर सगळीकडे सारखा आहे? पेशीत सगळीकडे पसरलाय? की पेशीच्या आत ठिपक्याठिपक्यांनी साचलाय? या तिन्हीची कारणं वेगळी.

ट्यूबमधली परीक्षा

पेशी बाजूला ठेवा. डायची परीक्षा पेशींवर घ्यायची नाही, पेशी नसताना घ्यायची.

दोन छोट्या ट्यूब घ्या. दोन्हींत १ मिलिलिटर पीबीएस, म्हणजे पेशी धुवायचं खारं बफर, कॅल्शियम नसलेलं. सिरम अजिबात नको. दोन्हींत संशयित स्टॉकचा १ मायक्रोलिटर टाका. पहिली ट्यूब तशीच अंधारात ठेवा. दुसरीत १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २० मायक्रोलिटर टाका आणि अर्धा तास थांबा. अल्कलीत सगळी टोपडी उडतात, म्हणजे हा डाय जास्तीत जास्त किती चमकू शकतो ते कळतं. पण लगेच बघायची घाई करू नका. अती अल्कलीत कॅल्शियम नसेल तर कॅल्सीन उलट विझतो. त्याच्या याच गुणावर रसायनवाले पाण्यातलं कॅल्शियम मोजतात. म्हणून अर्ध्या तासाने तेवढंच, २० मायक्रोलिटर, १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून परत सातच्या आसपास आणा. पहिल्या ट्यूबमध्ये यातलं काहीच टाकलेलं नाही, म्हणून तिच्यात ४० मायक्रोलिटर पीबीएस जास्तीचं टाका, म्हणजे पातळपणा सारखा राहील.

आता रिकाम्या प्लेटच्या दोन खणांत एकेक थेंब, एकच एक्स्पोजर, एकच फिल्टर. चांगला डाय असेल तर पहिला खण जवळजवळ अंधारा आणि दुसरा लख्ख. माझ्या त्या अठरा रेघांच्या ट्यूबचे दोन्ही खण इतके सारखे दिसले की मामांना बोलावून विचारलं, यातला कुठला कुठला? त्यांनाही सांगता येईना.

पहिला खण अंधारा आला म्हणून लगेच डायला निर्दोष सोडू नका. वर म्हटलं तसं, एएमचं एखादं टोपडं उडालेला रेणू इथं पकडला जात नाही. त्यासाठी मी एक साक्षीदार ठेवते. नवी कुपी विरघळवली की पहिल्या दिवशी एक ट्यूब बाजूला, कुणी हात लावायचा नाही. संशय आला की एकाच प्लेटमधल्या शेजारशेजारच्या खणांत एकीकडे चालू ट्यूब, एकीकडे साक्षीदार. पेशी त्याच, वेळ तीच. साक्षीदार उजळ आणि चालू फिकी, म्हणजे निकाल लागला. दोन्ही फिक्या असतील तर मग डाय सोडा, दुसरीकडे बघा.

मायक्रोस्कोपवरच संशय असेल तर त्याचीही स्वस्त परीक्षा आहे. काचेवर पिवळ्या हायलायटरची एक रेघ ओढा आणि हिरव्या फिल्टरखाली बघा. रेघ लख्ख दिसली तर दिवा, फिल्टर, शटर सगळं जागेवर. रेघेच्या कडा दुधाळ दिसल्या, दुसऱ्या लेन्सखाली मात्र त्याच स्वच्छ आल्या, तर पहिल्या लेन्सवर बुरशी बसली असण्याची शक्यता दाट. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागणं म्हणजे भिंतीला ओल येण्याइतकं नेहमीचं. ती स्वतः खरवडायला जाऊ नका.

मग करायचं काय

पाणी दोन दारांनी आत येतं, आणि मी दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती.

पहिलं दार म्हणजे डीएमएसओची बाटली. आमच्याकडे पेशी गोठवायला आणलेली अर्ध्या लिटरची मोठी बाटली होती. कुणीही यायचं, उघडायचं, पिपेट बुडवायचा. मी डाय त्यातच विरघळवत होते. पेशी गोठवायला ते चालतं, तिथं नाहीतरी तो मीडियममध्येच, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवातच, मिसळायचा असतो. डायसाठी चालत नाही. डायला वेगळी, छोटी, निर्जल म्हणून मिळणारी बाटली आणा, आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: फक्त डायसाठी. आमच्या बाटलीवर मराठी, कन्नड दोन्हीत लिहिलंय, म्हणजे "वाचता आलं नाही" हे कारण कुणाला उरलं नाही.

दुसरं दार जास्त चोरटं. उणे वीसमधून काढलेली ट्यूब तुम्ही लगेच उघडता. थंडगार प्लास्टिक, आणि बाहेर श्रावणातली हवा. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसा घाम फुटतो, तसाच घाम ट्यूबला फुटतो, फक्त तो आतल्या बाजूलाही फुटतो आणि डीएमएसओ तो पिऊन टाकतो. एका वेळी नगण्य. अठरा वेळा? म्हणून ट्यूब बाहेर काढली की न उघडता, अंधारात, अर्धा तास तशीच ठेवायची. खोलीच्या तापमानाला आली, बाहेरचा घाम टिश्यूने पुसला, मगच टोपण उघडायचं. हा अर्धा तास कुणाला जड जातो, ठाऊक आहे. तेवढ्यात प्लेट धुऊन घ्या.

पण खरा उपाय म्हणजे तीच ट्यूब पुन्हा काढायची वेळच येऊ द्यायची नाही. कुपी एकदा विरघळवली की तिथल्या तिथं लहान वाटण्या करा. ५० मायक्रोलिटरचे पाच-पाचचे दहा भाग. एक भाग एका दिवसाचा. उरलं तर फेकायचं, परत आत ठेवायचं नाही. फेकताना जीव तुटतो, मलाही तुटतो. आपल्या घरात शिळ्या भाकरीचेही तुकडे करून फोडणीला टाकतात. पण उरलेल्या तीन मायक्रोलिटरसाठी पुढच्या आठवड्याचा प्रयोग घालवणं परवडत नाही. वाटण्या करायला पावसाची उघडीप असलेला दिवस बघा, किंवा एसी तासभर चालवून खोली कोरडी करून घ्या. ट्यूबच्या तोंडाला पॅराफिल्म, सगळ्या ट्यूब एका झिपच्या पिशवीत, पिशवीत सिलिका जेलची पुडी. घरी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात त्यातलंच हे शास्त्र. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतात.

लाईटचंही बघा. धो-धो पावसात तासन्‌तास लाईट गेली की फ्रीझरचं तापमान वर चढतं, लाईट आली की परत उतरतं, आणि प्रत्येक चढउतारात ट्यूबना घाम. जनरेटर सगळ्यांच्या नशिबात नसतो. मी वाटण्यांची पिशवी थर्माकोलच्या डब्यात, भोवती गोठलेले जेल पॅक लावून, तो डबाच फ्रीझरमध्ये ठेवते. पार्सलमधून आलेले डबे आणि जेल पॅक लॅबमध्ये ढिगाने पडलेले असतात, खर्च शून्य.

आता पेशींत डाय प्रत्यक्ष भरणं. १ मिलिलिटर बफरमध्ये १ मायक्रोलिटर स्टॉक, म्हणजे १ मायक्रोमोलर डाय आणि डीएमएसओ फक्त ०.१ टक्का. पेशींवरचं मीडियम काढून दोनदा धुवा, मग हे टाका, वीस ते तीस मिनिटं, परत धुवा. बफरमध्ये मिसळलेला डाय त्याच वेळी वापरायचा. "सकाळी करून ठेवलाय, दुपारी वापरते" असं म्हणालात की दुपारपर्यंत छत्र्या उघडायला लागलेल्याच असतात.

पाऊस नाही, तरी तेच चित्र

सगळ्या फोटोंचं खापर पावसावर फोडता येत नाही. मार्चमध्ये कुणी हिरव्या धुक्याचा फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न: सिरम होतं का? पेशी वाढवायला मीडियममध्ये घालतात त्या गाईच्या गर्भातल्या वासराच्या सिरममध्ये एस्टरेझ असतात. सिरम असलेल्या मीडियममध्ये कॅल्सीन-एएम टाकला की छत्री अंगणातच उघडणार, डाय कितीही कोरडा असो. त्यात मीडियममधला फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन स्वतःचा उजेड मिसळतात. भरतानाही आणि फोटो काढतानाही साधं बफर किंवा फिनॉल रेड नसलेलं मीडियम वापरा.

पेशीत ठिपके दिसत असतील तर ती गोष्ट निराळी. फ्लुओ-४ सारखे कॅल्शियमचे डाय ३७ अंशाला भरले की एएम रूपातच पेशीच्या आतल्या कप्प्यांत शिरतात आणि तिथं फुटतात. मग तुम्ही पेशीद्रवाचं कॅल्शियम मोजताय असं समजून कप्प्यांचा उजेड मोजत बसता. खोलीच्या तापमानाला भरून बघा. बेळगावची हवा त्या कामाला वर्षातले निम्मे महिने अगदी बेतशीर असते.

भरल्यावर उजळ, आणि अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू विझतंय? दोन शक्यता. एक, प्रकाशाने डाय जळतोय. अर्धी प्लेट झाकून अर्धीच बघत राहा, शेवटी दोन्ही बाजू ताडून पाहा. झाकलेली बाजू उजळ राहिली तर दोष तुमच्या शटरचा. झाकलेलीही विझली तर पेशीच डाय बाहेर टाकतेय. काही पेशींच्या पापुद्र्यातले वाहक प्रथिनं असले ऋण प्रभाराचे रेणू बाहेर ढकलतात. तिथं बफरमध्ये १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड घालतात. गाउट नावाच्या संधिवातावर देतात तेच औषध. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, आधी अल्कलीत विरघळवून मग पीएच परत खाली आणावा लागतो, हे विसरून थेट ढवळत बसलेली माणसं मी बघितलीत. त्यातली एक मी.

औषधाला न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या पेशी वापरत असाल तर आणखी एक फास आहे. अशा बऱ्याच पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप भरपूर असतो, आणि तो कॅल्सीन-एएमला फुटायच्या आधीच, पापुद्र्यातूनच, बाहेर फेकतो. वर्षभर, बाराही महिने, पेशी फिक्या. तो बिघाड नव्हे, तीच त्या पेशींची खूण. पंप किती जोरात चालतो ते मोजायला लोक मुद्दाम कॅल्सीन-एएम वापरतात. अशा पेशींना डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर ते औषध स्वतःच तांबडं चमकतं हेही ध्यानात असू द्या, नाहीतर प्रॉपिडियमच्या खिडकीत, म्हणजे तांबड्या फिल्टरखाली, सगळ्या पेशी मेलेल्या दिसतील.

याच्या उलटा फसवा प्रकार आपल्या भागात फार. इथं निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या पाल्याच्या, मुळीच्या अर्कावर काम करतात. एका मुलीने हळदीचा अर्क दिलेल्या पेशींचे फोटो आणले. अर्क जितका जास्त, पेशी तितक्या हिरव्यागार. तिचा निष्कर्ष, हळद पेशींना बळ देते. मी तिला तिथंच थोडी हळद स्पिरिटमध्ये ढवळायला लावली आणि त्याचा एक थेंब त्याच फिल्टरखाली बघायला सांगितला. थेंबच हिरवा-पिवळा लखलखत होता. कर्क्युमिन स्वतःच चमकतं, तेही बरोबर त्याच पट्ट्यात. बिचारी दोन मिनिटं काही बोललीच नाही. पाल्याचा अर्क असेल तर त्यातलं क्लोरोफिल तांबडं चमकतं, तिथं दुसरी खिडकी नासते. म्हणून अर्क दिलेल्या पण डाय न टाकलेल्या पेशींचा एक खण प्रत्येक प्लेटमध्ये पाहिजेच. तो खण ठेवलेला नसेल तर बाकीचे फोटो मी उघडूनही बघत नाही.

थंडीतला उलटा घोळ

पावसाळा सावरलात की डिसेंबरमध्ये नवीन तक्रार येते: "ताई, कालच्यापेक्षा आज तिप्पट उजेड." शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशालाच गोठतो. थंडीत सकाळी आमच्या लॅबचा पारा त्याच्याही खाली असतो. त्यामुळे फ्रीझरमधून काढलेली ट्यूब अर्धा तास ठेवूनही अर्धीच वितळते. आधी शुद्ध डीएमएसओचे खडे बनतात आणि डाय उरलेल्या पातळ भागात जमा होतो. घाईत वरचं पातळ ओढलंत, तर १ मायक्रोलिटरमध्ये कितीतरी जास्त डाय येतो. आणि नंतर त्याच ट्यूबमधून फिकं निघतं. ट्यूब मुठीत धरून खडा न खडा विरघळू द्या, व्होर्टेक्स करा, मशीनमध्ये क्षणभर फिरवून थेंब तळाला आणा, मग पिपेट बुडवा.

गोठण्याचा मात्र मला उपयोगच होतो. पाणी मिसळलं की डीएमएसओ गोठायचं तापमान खाली उतरतं; टक्काभर पाण्यानेच ते दोन-अडीच अंशांनी घसरतं. म्हणून डायसाठीची छोटी बाटली थंडीत सकाळी गोठलेली दिसली की मी निर्धास्त असते. नुसती पातळ दिसली म्हणून लगेच दोषी धरत नाही, कारण कधीकधी तो थंड होऊनही आळसाने पातळच राहतो. टिचकी मारून बघते, तरीही नाही गोठली तर फ्रिजमध्ये चार अंशाला रात्रभर. तिथंही गोठली नाही, तर त्यात पाणी भरपूर आहे, हे सांगायला वेगळं यंत्र लागत नाही.

कपाटातली ती अर्ध्या लिटरची बाटली अजून तिथंच आहे. चार हिवाळे गेले, एकदाही गोठलेली नाही. पेशी गोठवायला तिचा उपयोग होतो, डायच्या आसपास मात्र मी तिला फिरकू देत नाही.